फिटरकाकांचे दोन साक्षीदार

फिटरकाका कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी जमीन तपासायचे. चपला दाराशी, पिशवीतली पाणसळ हातात, आणि तिथेच उकिडवे. नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की चेहरा खुलायचा. नाही थांबला तर घरमालकाकडे असं बघायचे, जणू त्याने मुद्दाम घर वाकडं बांधलंय. माझ्याकडे ते पहिल्यांदा आले ते गणपती ठरवायला. मूर्ती पाच मिनिटांत पसंत केली आणि मागच्या साच्यांच्या खोलीत फरशीला कान लावून अर्धा तास पालथे पडून राहिले.

"ताई, ह्या खोलीखाली कातळ हाय," उठताना कपडे झटकत म्हणाले. "मला एक कोपरा द्याल?"

"कशाला?"

"भूकंप मोजायला."

पेणला रामवाडीत माझा मूर्तींचा कारखाना आहे. कोपरा मागणारे पुष्कळ येतात, कुणी गोणी ठेवायला, कुणी स्कूटर. भूकंपासाठी कुणी आलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं : मागची खोली, उत्तरेचा कोपरा, काका, तात्पुरता. त्या तात्पुरत्या कोपऱ्याला बघता बघता तीन वर्षं झाली.

काका रोह्याजवळच्या वरसेचे. घरची भातशेती, स्वतः केमिकल कंपनीत तीस वर्षं फिटर. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, हे भंगारवाल्याकडे जायला लागले. तिथून लोखंडी पट्ट्या, जुनी वजनं, मोडक्या स्पीकरमधली चुंबकं आणून त्यांनी लंबक बनवला. फाटक बिजागरीवर फिरतं तसा एक आडवा दांडा, त्याच्या टोकाला पाच किलोचं वजन. जमीन हलली तरी वजन जागचं हलायला बघत नाही, आणि तो फरक तारेच्या वेटोळ्यातून फिरत्या कागदावरच्या पेनापर्यंत पोचतो. "वजन आळशी असतं, म्हनून कळतं बाकीचं जग किती हालतंय ते," काका म्हणायचे. "घरात एक तरी आळशी पायजे." तेव्हा पलीकडे आमचे हे पेपर वाचत बसलेले होते. काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला.

दांडा फार वेळ झुलत राहू नये म्हणून त्याची एक चकती तेलात बुडवलेली असायची. इंजिन ऑइलचा वास मला सोसेना, म्हणून मी काकांना न विचारता वाटीत चांगलं खोबरेल ओतलं. डिसेंबरात तीन दिवस कागदावर फूटपट्टीने मारावी तशी सरळ रेघ आली. मी फोन करून आनंदाने सांगितलं, "काका, सगळं एकदम शांत आहे." काका पहिल्या गाडीने आले, वाटीत बोट घातलं आणि पांढऱ्या गोळ्यात रुतलेलं ते बोट माझ्यापुढे धरलं. "पृथ्वी शांत नाय गो, तुझं खोबरेल गोठलंय." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ताईची 'विद्या गो' झाले.

मागच्या गल्लीत पोह्यांची गिरण. रोज साडेनऊला आमच्या कागदावर करवतीसारखी दातेरी रेघ सुरू व्हायची. काका गिरणीत गेले आणि मालकाला पाच मिनिटं यंत्र बंद ठेवायची विनंती केली. मालक म्हणाला, "काका, पोहे बंद केले तर लोकांनी नाश्त्याला भूकंप खायचा काय?" काका हसत हसत अर्धा किलो पातळ पोहे घेऊन परत आले आणि माझ्या वहीत नोंद करायला सांगितली : साडेनऊ ते एक, गिरण, चवीला चांगली.

मात्र एका बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे. एक यंत्र पेणला माझ्याकडे, दुसरं वरसेला त्यांच्या घरी लॅपटॉपला जोडलेलं. दोन्ही ठिकाणी एकाच मिनिटाला लाट आली तरच ती खरी. "एका साक्षीदारावर इसवास नाय. एकाच्या दाराशी म्हैस खाजवत असंल." आणि दोघांचं जुळल्याशिवाय इंटरनेटवरची भूकंपांची यादी उघडायची नाही. "उत्तर आधी बघितलं का डोळे लबाडी करतात." म्हणून मी रोज आठला कागद बदलायचा, त्यावर सुरुवातीची वेळ लिहायची, ज्या लाटेला कारण सापडत नाही तिची वेळ तिथून मोजून वहीत नोंदवायची. दर रविवारी फोनवर मी माझ्या वेळा वाचायची, ते त्यांच्या. तीन वर्षांत एकदाही जुळलं नाही.

मग काकांचे गुडघे गेले. काकी आधीच गेलेल्या. मुलीने पुण्याला न्यायचं ठरवलं, सातव्या मजल्यावर. "तिथं लंबक लावला तर वारा मोजंन फकस्त," ते म्हणाले. पेणचं यंत्र सोडवायला आले त्या दिवशी नेहमीसारखे बोलत नव्हते. दोन बोल्ट काढले, तिसऱ्यावर थांबले. "एक तरी जुळायला पायजे होता गो. एकच. मंग मी बिनतक्रार गेलो असतो."

मी चहा घेऊन बाहेर बोलावलं. पुढच्या हॉलमध्ये येताच त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि कप हिंदकळला. "मेलो! माझी गाडी गेली!"

"कुठे जाते गाडी? बसा. ते घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे."

"किती?"

"बारा. पार्सलं वेळेवर निघावीत म्हणून मीच ठेवलंय. इथे सगळ्यांना माहीत आहे."

काकांनी कप खाली ठेवला. "मला नाय माहीत. आनि तू कागदावर येळ कुठनं लिवतेस?"

मी त्याच घड्याळाकडे बोट दाखवलं. कारखान्यात जेवण, पगार, टेम्पो, सगळं त्याच घड्याळावर चालतं. तीन वर्षं मी पृथ्वीलाही त्याच घड्याळावर ठेवलं होतं.

मला वाटलं ते चिडतील. ते ओरडले, "विद्या गो, वही आन!" मी वेळा वाचत गेले, बारा वजा करत गेले, ते पिशवीतून आणलेल्या वरसेच्या लॅपटॉपमध्ये शोधत गेले. अकराव्या नोंदीला त्यांचं बोट थांबलं. माझ्याकडे दोन एकोणतीस, म्हणजे दोन सतरा. वरसेला दोन सतरा. कागद काढला, स्क्रीनशेजारी धरला. तीच लांब, संथ लाट, हळूहळू मोठी होत गेलेली, सख्ख्या बहिणींसारखी. मग त्यांनी यादी उघडली. पार पूर्वेला, समुद्राखाली, वीसेक मिनिटं आधी, म्हणजे लाटेला इथवर यायला लागतात तेवढीच, मोठा भूकंप.

"आधी बघ, मान्सं गेली काय?"

"नाही. खोल समुद्रात होता. कुणाला काही झालं नाही."

तेव्हा कुठे ते हसले. इतके हसले की रंगकाम सोडून बायका बघायला आल्या, आणि काकांनी प्रत्येकीला तो कागद हात लावू न देता दाखवला. संध्याकाळपर्यंत आणखी दोन लाटा जुळल्या. काढलेले बोल्ट त्यांनी स्वतःच परत बसवले.

वरसेचं यंत्र आता जिते इथे माझ्या माहेरी आहे, वहिनी सांभाळते. यंत्राशेजारी मी वेगळं घड्याळ लावलंय, खऱ्या वेळेचं. गेल्या महिन्यात पेण आणि जिते यांचं पहिल्यांदा जुळलं. मी पुण्याला फोन लावला, दोन्ही वेळा सांगितल्या, आणि पलीकडे फोन पडल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी त्यांच्या मुलीचा फोन.

"ताई, काय सांगितलंत बाबांना? गॅलरीत जाऊन 'भूकंप झाला, भूकंप झाला' ओरडले. अख्खी बिल्डिंग जिने उतरून पार्किंगमध्ये उभी आहे!"

"अरे देवा! आणि काका?"

"तेही खालीच आहेत. सेक्रेटरींच्या पार्किंगची जमीन तपासतायत."