फ्रीजमधला दिवा

वकीलसाहेब वांग्यांचीसुद्धा उलटतपासणी घेत. वांगं हातात धरून, चष्म्यावरून भाजीवालीकडे बघत विचारत, "आज तोडलं म्हणतेस, मग देठ काऊन सुकला?" ती बिचारी वैतागून एखादं वांगं फुकट टाके आणि सुटका करून घेई. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण खोड गेली नव्हती. वर्ध्याला त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत असे. मी रोहणा गावची, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. त्यामुळे रोज संध्याकाळी माझीही साक्ष होई.

त्यांची पत्नी पौषात गेली. तेव्हापासून या साक्षी लांबत चालल्या. भात चुलीवर आहे म्हटलं तर म्हणत, "बसा हो बाई, भात कुठं पळून चालला?" मग शाळेत काय झालं, कोण काय म्हणालं, एकेक प्रश्न काढत राहत. त्यांना उत्तरं नको असत, समोर माणूस हवं असे. मला ते कळायचं, म्हणून बसायची. पण रोज बसणं कुणाला जमतं?

घरात फ्रीज होता. आमच्या आळीत तेवढा एकच. वकीलसाहेबांना मधुमेह होता, इन्शुलिन उन्हाळ्यात टिकावं म्हणून कलकत्त्याच्या मुलानं तो घेऊन दिला होता. थंडीत निभावलं, पण चैत्र लागला आणि फ्रीजनं दगा दिला. मोटर अखंड घरघरत राही, तरी दूध नासे. एकदा इन्शुलिनच्या बाटलीत गुठळ्या दिसल्या. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि फेकून दिली. "असलं टोचाल तर साखर चढत जाईल," ते म्हणाले, "आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

वकीलसाहेबांनी खटला उभा केला. आधी आरोप विजेवर. पण घरातले दिवे व्यवस्थित लागत होते. मग दाराच्या रबरावर. कागदाची पट्टी दारात धरून त्यांनी ओढून पाहिली, ती घट्ट अडकली. "रबर निर्दोष," ते मला म्हणाले. शेवटी एका दुपारी दार उघडून नवी बाटली काढताना त्यांचा हात आतल्या दिव्याला लागला आणि चटका बसला.

"बाई, इकडे या लवकर!" मी धावत गेले. "आत्ता दार उघडलं मी. इतक्यात दिवा एवढा तापतो काय?"

"नाही तापणार."

"म्हणजे दार लावलं तरी हा जळूनच राह्यला! आणि बाटली मी ठेवतो नेमकी त्याच्या शेजारी."

दाराच्या चौकटीत एक पांढरं बटण होतं. दार लागलं की ते दाबलं जावं आणि दिवा विझावा. त्यांनी बोटानं दाबलं, ते हलेना. चष्मा सारखा करून जवळून पाहिलं. बटणाभोवती वाळलेलं कुंकू होतं आणि फटीत अक्षतांचा एक दाणा रुतला होता.

दसऱ्याला त्यांची पत्नी शिवणयंत्राबरोबर फ्रीजचीही पूजा करत असे. बाहेरच्या पांढऱ्या रंगावर डाग नको, असं म्हणून वकीलसाहेब रागावले होते. म्हणून तिनं गेल्या दसऱ्याला दार उघडून आत, कुणाला दिसणार नाही असं, त्या बटणाला कुंकू लावलं होतं.

मी ओलं फडकं आणि सुई आणली. त्यांनी दोन्ही हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"बाई, माणूस गेल्यावर त्याच्या जागी दिवा ठेवतात ना आपल्यात?"

"हो."

"तेराव्याला आम्ही तो काढला. हा मात्र चैत्रापर्यंत जळला. मले माहीतच नाई."

मग त्यांनी फडकं आणि सुई मला परत दिली, बटणावरचं कुंकू तसंच राहू दिलं, दिवा फिरवून काढला आणि खिशात टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते. फ्रीज पुन्हा गार झाला, इन्शुलिन टिकलं. त्यानंतर ते आतल्या अंधारात चाचपून बाटली काढत. टॉर्च देऊ केली तर म्हणत, "कशाले? हाताले ठाऊक आहे."

पुढल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मुलगा आला, दिवसकार्य उरकलं, सामान विकायला निघालं. फ्रीजमध्ये दिवा नाही हे पाहून त्यानं मला विचारलं, "बाबा अंधारातच काढायचे सगळं?" मी मान हलवली. त्यानं बाजारातून नवा दिवा आणून बसवला. घेणारे गृहस्थ समुद्रपूरहून आले होते. त्यांनी दार उघडलं, आत लख्ख उजेड पडला. "दिवा तं चांगला लागून राह्यला," खूश होऊन ते म्हणाले आणि दार लावलं.

दोघं व्यवहाराचं बोलत ओसरीवर गेले. मी फ्रीजपाशी उभी होते. आत दिवा जळत होता, आणि त्या घरात आता हे फक्त मला ठाऊक होतं.