तिसऱ्या रकान्यातली ओळ

“डोकं चालत नाय माझं आता, देवरेसाहेब. वाचतो एक, असतं भलतंच.”

इक्बालचाचा हे बाबांना म्हणाले, आणि मी स्वयंपाकघरात भाताचं पातेलं हातात घेऊन उभी राहिले. बाहेर जायला चार पावलं होती. मी गेले नाही. बाबा हसून काहीतरी म्हणाले — वय कुणाला चुकलंय का, तसलं काही. चाचा हसले नाहीत.

त्या दुपारी शेवटी मी पाच-सहा वाक्यं बोलले. पण त्यांच्यामागचं सगळं, पहिल्यापासून, मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही. लिहूनही ठेवलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही घाबरतच. शाळा इंग्रजी माध्यमाची, ऑफिस इंग्रजीतलं. इंग्रजीत मला फार सफाईने लिहिता येतं. त्या सफाईची आता मला भीती वाटते. म्हणून मराठीत.

कुठून सुरुवात करू? बेसबॉलपासूनच करावी लागेल.

रियाधमध्ये आमचा एक गट आहे. पंचवीसेक माणसं — अमेरिकन, जपानी, कोरियन, फिलिपिनो, आणि आम्ही तीन-चार भारतीय. मॅच तिकडे अमेरिकेत होते तेव्हा आपण इथे झोपलेलो असतो. म्हणून शुक्रवारी सकाळी दहाला डेनाच्या घरी जमायचं आणि रेकॉर्ड केलेली मॅच बघायची. येताना कुणी स्कोअर बघायचा नाही, बघितला तर तोंड बंद ठेवायचं. डेना ओलाया भागातल्या माझ्या ऑफिसात माझ्या वरच्या जागेवर आहे. तिनेच मला पहिल्यांदा नेलं. मला हा खेळ लहानपणापासून आवडतो, कारण त्यात बराच वेळ काहीच घडत नाही आणि तरी सगळे टक लावून बघत असतात. मीही तशीच. बघत असते. बोलत नाही.

गटात मी बोलायचेच नाही. मग डेनाने माझ्याकडे यादी दिली. बेसबॉलवरची खरी पुस्तकं — आठवणी, इतिहास, खेळाडूंची आयुष्यं — आणि त्यांची ऑडिओबुकं. रियाधमध्ये सगळ्यांचं निम्मं आयुष्य गाडीत जातं, त्यामुळे ऐकायचीच जास्त. सगळ्यांना उघडता येईल असा एक तक्ता, तीन रकाने. पहिल्यात पुस्तक. दुसऱ्यात, कुणाला आवडेल. तिसऱ्यात, कुणी टाळावं.

तिसरा रकाना चाचांमुळे आला होता. असं कुणी कधी म्हटलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. वीस वर्षं सौदीच्या पूर्वेकडे एका अमेरिकन कंपनीच्या वसाहतीत स्टोअर सांभाळायचे. तिथल्या मुलांच्या शुक्रवारच्या मॅचसाठी मैदानावर चुन्याच्या रेघा हेच ओढायचे. त्यांचा मुलगा अन्वर शेजारी बसून मांडीवरच्या वहीत स्कोअर लिहायचा. पुढे चाचांनी उत्तरेला हफ्र अल बातिनला, एका सौदी कफीलच्या नावावर, ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. अन्वर बावीस वर्षांचा असताना हायवेवर गेला. गाडी उलटली. याला आता चार वर्षं झाली.

नंतर कधीतरी चाचांनी गटातलं एक पुस्तक लावलं आणि त्यात एका खेळाडूचा अपघात निघाला. त्यांनी डेनाला एवढंच विचारलं, “आधी कळेल अशी काही सोय करता येईल का?” सोय झाली. रकाना आला. तेव्हापासून चाचा तो वाचल्याशिवाय काहीही लावत नसत. एक आड एक शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली की हफ्रहून निघायचे, पाच तास एकटे गाडी चालवायचे, आणि त्या पाच तासांत आमच्या यादीतलं पुस्तक ऐकायचे. दुपारी मध्येच उठून जुम्म्याची नमाज, मॅच संपली की आमच्या घरी आई-बाबांबरोबर जेवण. असा त्यांचा दिवस ठरलेला होता.

हे सगळं मला माहीत होतं. हे आधी सांगून टाकते.

सुरुवातीची पुस्तकं मी खरंच वाचली. सात किंवा आठ. लोक येऊन सांगायचे — तू सांगितलेलं ऐकलं, काय पुस्तक होतं! मान खाली घालून चहा पिणाऱ्या मुलीला खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी बघत होतं. डेना म्हणायची, “हिने सगळं वाचलंय.” मी नाही म्हणायला हवं होतं ना? मी लाजून हसले. लाजरं माणूस हसलं की लोकांना ते उत्तर वाटतं, हे मला तेव्हाच कळलं असावं.

मग दर महिन्याला दोन नवी पुस्तकं हवी झाली. ऑफिसचं काम वाढलं. मी नमुना ऐकायला लागले — पहिली पाच-दहा मिनिटं. मग लोकांनी लिहिलेली परीक्षणं चाळायची, चार वाक्यं माझ्या शब्दांत मांडायची. कुणाला संशय आला नाही. किती पुस्तकं अशी झाली? मी मोजली नाहीत. मोजायला भीती वाटायची.

त्यातलंच एक. एका छोट्या गावातल्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाच्या आठवणी, त्याच्याच आवाजात. मी चाळीस मिनिटं ऐकलं. माझ्या हिशेबाने ते खूपच झालं. गवत कापण्याच्या गमती, मातीवर पाणी किती मारायचं यावरची भांडणं, आणि सकाळी मैदानावर पांढऱ्या रेघा ओढताना कुत्रं मध्ये आलं तो किस्सा. हसू येत होतं. रेघा ऐकल्या आणि मला चाचा आठवले. मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं — इक्बालचाचांसाठी, खास. आणि तिसऱ्यात काय लिहिलं?

कुणीही नाही. टाळावं असं कुणीही नाही.

नवव्या प्रकरणात त्या माणसाचा मुलगा मॅचहून परत येताना रस्त्यावर मरतो. सगळं प्रकरण त्याबद्दल आहे. बाप स्वतः वाचतो. मधे थांबतो. ते थांबणंही रेकॉर्डिंगमध्ये ठेवलं आहे. मी ते नंतर ऐकलं. नंतर — म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

त्या शुक्रवारी मी डेनाच्या स्वयंपाकघरात कप मांडत होते. तिचा फोन वाजला. तिने ऐकून घेतलं आणि ठेवला. मग म्हणाली, इक्बाल येत नाहीये, रियाधच्या अलीकडे हायवेच्या कडेला गाडी थांबवून बसलाय, पुढे चालवता येत नाही म्हणतोय. पुस्तकात कुणाचा तरी मुलगा — माझ्याकडे बघून तिने विचारलं, “तू यादीत लिहिलं होतंस ना?”

“हो,” मी म्हणाले.

इतकं पटकन. विचार करायला वेळच लागला नाही, याचंच मला अजून भय वाटतं.

डेनाचा नवरा चाचांना आणायला गाडी घेऊन निघाला. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली, फोनवर यादी उघडली. दोनदा चुकीचा रकाना उघडला. बाहेर जिन्यावर लोकांची पावलं वाजत होती. ‘कुणीही नाही’ खोडलं आणि लिहिलं — ज्यांनी मूल गमावलं आहे त्यांनी हे ऐकू नये. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि कप मांडले.

तुम्ही म्हणाल, घाबरलेल्या माणसाच्या हातून झालं. पुढचं ऐका.

असल्या तक्त्यात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कुणी, कधी, काय खोडलं. माझं ऑफिसातलं कामच ते — गिऱ्हाइकांच्या फायलींत कोणता आकडा कुणी आणि केव्हा बदलला ते शोधून काढणं. शुक्रवारपासून रविवारपर्यंत मी धड जेवले नाही. फोन वाजला की वाटायचं, कुणीतरी बघितलं. शनिवारी डेनाने नुसतं ‘कशी आहेस’ विचारलं, तर मला घाम फुटला. आणि रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात बसून, थंड डोक्याने, मी नवी यादी केली. जुनीतली एकेक ओळ तिच्यात घेतली. वर्षांप्रमाणे लावली. जुनी पुसून टाकली. गटावर लिहिलं की यादी फार लांबली होती, म्हणून नीट लावून नवी केली आहे. लोकांनी अंगठे दाखवले. एकाने लिहिलं, किती मेहनती मुलगी.

चाचा महिनाभराने आले. माझ्यासाठी खजुराचा डबा घेऊन. सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “माफ कर हां पोरी. तू लिवलं व्हतंस बरोबर. मीच न बघता लावलं, आन् तुमचा सगळ्यांचा दिवस खराब केला.” कुणीतरी मागून चिडवलं, “इक्बाल, आता चष्मा बदला!” सगळे हसले. चाचाही हसले. मग बाकीचे मॅचकडे वळल्यावर हळूच मला म्हणाले, “पण मला आठवतंय ग, तिथं कुणीही नाही असं व्हतं. अगदी डोळ्यांसमोर दिसतंय मला.”

ते माझ्याकडे बघत होते. आरोप नव्हता त्या बघण्यात. विचारत होते. त्यांना मदत हवी होती. आणि मी काय म्हणाले?

“होतं असं कधी कधी, चाचा.”

हीच ती गोष्ट. पुस्तक पूर्ण न ऐकता शिफारस केली, तो आळस. ओळ बदलली, ते भ्याडपण. पण हे वाक्य — ह्याला मी काय म्हणू? एका माणसाला नीट आठवत होतं, आणि मी गोड आवाजात त्याला सांगितलं की तुला आठवतंय ते खरं नाही.

पुढचे तीन महिने मी नुसती बघत होते. बघण्यात मी हुशार आहे. चाचा मेसेज दोनदा वाचायला लागले. दुकानातल्या पुतण्याला प्रत्येक बिल तपासायला लावू लागले. एकदा कुणाला चुकीचं बेअरिंग गेलं — कुणाच्याही हातून जाईल — तर बाबांना म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं? डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं डोळे उत्तम आहेत. ते ऐकून चाचा जास्तच घाबरले. डोळे चांगले, म्हणजे बिघाड आत आहे. त्यांच्या वडिलांना म्हातारपणी माणसं ओळखू येत नव्हती, हे त्यांनी तेव्हा आम्हाला पहिल्यांदा सांगितलं. यादीतली पुस्तकं ऐकणं त्यांनी बंद केलं. गाडीही पुतण्याच चालवू लागला.

मी रोज ठरवायचे, उद्या सांगेन. मग वाटायचं — डेना काय म्हणेल? ऑफिसात कळलं तर? आकडे तपासणारी मुलगी स्वतःच खाडाखोड करते. नोकरी गेली तर इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल, इकामा गेला तर — भीती अशी पुढे पुढे धावायची आणि मी तिच्या मागे. चाचांची भीती त्याहून मोठी होती, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

त्या दुपारी बाहेर बाबा म्हणत होते, अहो एवढ्यात कसली एक्झिट घेऊन कायमचे गावी जाता, अजून पाच वर्षं सहज काढाल. चाचा म्हणाले, “नाय. कफीलशी बोललोय. दुकान पुतण्याच्या हातात दिलं. महिनाअखेर खलास. इथं कुणाला वळखलं नाय तर कोण बघणार माझ्याकडं? घरी निदान बायको हाय.” मग आवाज खाली आला. “परवा अन्वरचा वाढदिवस आठवत व्हतो. तारीख आली डोक्यात, पण म्हटलं — ही तरी बरोबर असंल का?”

आईने मला ढोसलं. भात निवतोय, जा ना ग.

मी गेले. पातेलं टेबलावर ठेवलं. बाबांनी डाव उचलला. चाचांनी ताट पुढे केलं आणि नेहमीसारखं हसून माझ्याकडे बघितलं.  मी खुर्चीची पाठ धरली.

“चाचा, तुम्हाला बरोबर आठवतंय,” मी म्हणाले. “तिथं ‘कुणीही नाही’ असंच होतं. तुम्ही रस्त्यात थांबलात तेव्हा मी ते बदललं, आणि कुणाला कळू नये म्हणून जुनी यादी पुसून टाकली. ते पुस्तक मी पूर्ण ऐकलंच नव्हतं. तुमचं डोकं ठीक आहे, चाचा. खोटं मी बोलले.”