फाटलेल्या कोपऱ्याचं कार्ड

चौथीतच शाळा सुटली आणि पुढं मी सोलापूरकडून पौडच्या रस्त्यावर खडी फोडायला आलो. इतक्या लांब आपलं काही बरंवाईट झालं तर घरी कळवणार कोण, या धास्तीनं मी वडिलांचा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड कायम खिशात ठेवायचो.

एकदा दगड कोसळून माझा पाय मोडला. मुकादमानं तेच कार्ड काढून ‘पाय मोडला, जीव सुखरूप’ असं लिहिलं आणि पेटीत टाकलं. त्याचे उपकार!

पाचव्या दिवशी पायाला फळ्या बांधून मी मुकादमासोबत स्टँडजवळ भाकरी खात बसलो होतो. एसटीतून वडील उतरले. मला बघून धावत आले आणि माझं तोंड चाचपू लागले.

“जित्ता हाय रं माझा!”

“पाव्हणं, कार्ड वाचून घेतलं न्हाई व्हय?” मुकादम म्हणाला.

वडिलांनी कार्ड पुढं केलं. खिशात घासून त्याचा कोपरा गेला होता. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर!

“असलं कार्ड कोन वाचत बसतंय? तिकडं ह्याची आई ऊर बडवतीया!”

“मग तार करू.”

“नगं! तार बघून तर मरंलच ती.”

एसटी परत निघाली होती. मुकादमानं ओरडून ती थांबवली. माझी अर्धी भाकरी हातात घेऊन वडील चढले आणि साऱ्या गाडीला सांगू लागले, “पोरगं जित्तं हाय माझं!”