काशीला न जाता सोडलेलं दूध

अख्ख्या पुण्यात दुधाच्या थेंबाशिवाय सर्वांत चविष्ट जेवणारा माणूस कोण, असं कुणी मला विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन, आमचे साडू. पैज लावायलाही माझी तयारी आहे. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर आणि वर मध, एवढ्या सगळ्यावर फुली मारलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एखादा वाळलेला तपस्वी उभा राहतो. आमचे साडू चांगले ऐंशी किलोंचे आहेत. पिठल्याचा तिखट घास घेतला की त्यांच्या कपाळावर घाम येतो, डोळे बारीक होतात आणि मान आपोआप डोलायला लागते. "त्याग वगैरे काही नाही हो," ते बोटं चाटत म्हणतात, "मी फक्त दुसऱ्याच्या बाळाच्या तोंडचं काढून घेत नाही. बाकी मला सगळं चालतं." आणि सगळं म्हणजे खरोखरच सगळं हे दाखवण्यासाठी ते तिसरी भाकरी घेतात.

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ते टेस्टिंगचं काम करतात. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा, पुणेकराला याहून योग्य नोकरी जगात मिळणं शक्य नाही. हीच नजर ते बाजारात नेतात. बिस्किटाचा पुडा हातात घेतला की त्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, मधे कुठे दुधाची भुकटी सापडली की एखादी मोठी चूक पकडल्याच्या आनंदानं "सापडलं!" म्हणायचं आणि पुडा जागेवर ठेवून दुसरा उचलायचा. बिबवेवाडीतल्या त्यांच्या घराखालचा दुकानदार एकदा शांतपणे म्हणाला होता, "साहेब, विकत घ्यायचाय की वाचायचाय? वाचायचा असेल तर घरी न्या, उद्या परत आणून द्या."

हे सगळं सुरू झालं ते एका डेअरीमुळे. त्या डेअरीच्या दूधसंकलनाचं सॉफ्टवेअर तपासायला कंपनीनं त्यांना दीड महिना एका गावी पाठवलं होतं. हा माणूस संगणकापुढे बसून राहणारा नव्हे. आकडे कुठून येतात ते बघायला म्हणून ते थेट गोठ्यात गेले आणि तिथं खुंट्याला बांधून ठेवलेलं एक वासरू त्यांना दिसलं. ते आईकडे बघून ओरडत होतं आणि आई धारेला उभी होती. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. परत आल्यावर पहिल्याच जेवणाला त्यांनी ताकाची वाटी बाजूला सारली आणि सांगितलं, "उद्यापासून माझ्यासाठी दूध घेऊ नका." माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "बरं." त्यांच्या मातोश्री मात्र आनंदल्या. आयुष्यात कधी देवाला हात न जोडणाऱ्या मुलानं आपणहून नेम धरला असं त्यांना वाटलं. "किती दिवसांचा आहे रे?" त्यांनी विचारलं. "कायमचा," साडू म्हणाले. "असं कसं? सोळा सोमवारांचंसुद्धा उद्यापन असतं!" त्या उद्यापनाची तारीख त्या पुढे कितीतरी वर्षं विचारत राहिल्या.

व्हीगन हा शब्द तेव्हा पुण्यात नुकताच येऊ घातला होता, पण साडूंना त्या शब्दाची गरज कधी पडली नाही. त्यांचं म्हणणं असं की मराठी माणूस मुळात निम्मा व्हीगनच आहे, फक्त त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही. भरली वांगी, मटकीची उसळ, दाण्याची आमटी, ठेचा, भाकरी, तेलावरचं खमंग थालीपीठ, नारळाच्या दुधातली खीर, ही यादी ते श्लोक म्हणावा तशी म्हणून दाखवतात. शहरात कुठे काय मिळतं याची त्यांची एक वही आहे. कसबा पेठेतला कुठला भजीवाला पिठात दही घालत नाही, कुठल्या डोशाच्या तव्यावर लोणी फिरत नाही, सगळं तीत नोंदलेलं. विश्रांतवाडीत विदर्भातून आलेल्या एका बाईंची खानावळ त्यांनी शोधून काढली, तेव्हा ते मला हाताला धरून तिथं घेऊन गेले होते. डाळीच्या भरड्याचे गोळे घातलेला गरम गोळाभात आणि त्यावर हिंगमोहरीची चुरचुरीत फोडणी. साडूंनी सवयीनं, "तूप नको बरं का," म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "तूप कायले पायजे भाऊ? गोळाभातावर तेलच असते." हे वाक्य ऐकून साडूंचे डोळे पाणावले. मिरचीनं पाणावले असं ते म्हणतात, पण मी समोरच बसलो होतो.

प्रवासाला निघाले की त्यांच्याबरोबर कपड्यांची लहान आणि खाण्याची मोठी अशा दोन बॅगा असतात. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, तेलाची घट्ट झाकणाची बाटली. कंपनीनं जर्मनीला पाठवलं तेव्हा तिथल्या लोकांनी मेजवानीत यांच्यापुढे कीव येऊन नुसते उकडलेले बटाटे ठेवले. साडूंनी खिशातून कारळ्याची चटणी काढली, तेलात कालवली आणि बटाट्याला लावून असे काही खाऊ लागले की दहा मिनिटांत शेजारचे चौघे आपापली ताटं घेऊन त्यांच्याकडे सरकले. त्यातला एकजण अजून दर दिवाळीला त्या काळ्या चटणीसाठी पत्र पाठवतो.

म्हणजे जर्मनीत जमलं, अडलं ते पुण्यातल्या लग्नात. साडूंना खोटं बोलणं जमत नाही, आणि खरं थोडक्यात सांगणं तर त्याहून जमत नाही. एका नातेवाइकाच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. वाढपी तुपाचं भांडं घेऊन आला. साडूंनी पानावर हात आडवा धरला आणि त्याला वासराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. वाढप्यानं ती अर्धी ऐकली, मग "अहो, साजूक आहे!" असं म्हणून बोटांच्या फटीतून नेमकी धार सोडली. वरण गेलं. मग आमटीत ताक निघालं, भाजीत साय निघाली, आणि पोळ्या तर तुपात न्हाऊनच आल्या होत्या. साडू मिठाकडे बघत बसले. तेव्हा पलीकडे बसलेल्या मातोश्री वाढप्याला म्हणाल्या, "अहो, माझ्या मुलानं काशीला जाऊन दूधदुभतं सोडलंय."

वाढप्याचा हात जागच्या जागी थांबला. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट तिथं कायमची सोडून यायची, अशी आपली जुनी रीत. बरेच लोक हुशारी करून कारलं सोडतात. पण दूधदुभतं सोडणारा माणूस म्हणजे केवढा मोठा! पान बदललं गेलं. आचारी स्वतः बाहेर आला, बिनतुपाचं वरण आणि कोरड्या गरम पोळ्या घेऊन. "आधी सांगायचं ना साहेब, नेमात बाधा आली असती," असं म्हणून त्यानं वर हात जोडले. साडूंच्या काही महिन्यांच्या व्याख्यानांनी जे झालं नव्हतं ते मातोश्रींच्या एका वाक्यानं झालं.

साडू त्या दिवशी पोटभर जेवले आणि घरी आल्याबरोबर म्हणाले, "आई, मी काशीला गेलेलोच नाही."

"जेवायला मिळालं ना?"

"पण ते खोटं आहे."

"माझ्यासमोर माझं पोर पंगतीतून उपाशी उठायचं, त्यापेक्षा खोटं परवडलं," मातोश्री म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला उठल्या.

पुढे ही काशी सगळ्या नात्यागोत्यात पसरली. लोक साडूंना गंगेला पाणी किती होतं ते विचारू लागले. एका मावशींनी तर गंगाजलासाठी रिकामी बाटली पाठवून दिली. साडू कानकोंडे होत, पण जिकडे जातील तिकडे त्यांना बिनतुपाचं पान मांडलेलं मिळे. एकदा आम्ही दोघं साताऱ्याच्या रस्त्यानं चाललो होतो. एका ढाब्यावर साडूंनी वासराची गोष्ट सांगितली, मालकानं लोण्याचा चमचा काही खाली ठेवला नाही. पोटात कावळे ओरडत होते. साडूंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि खाली मान घालून पुटपुटले, "काशीला सोडलंय." तव्यावरची लोण्याची रोटी बाजूला गेली आणि कोरी भाकरी आली. जेवण झाल्यावर गाडीत बसताना ते म्हणाले, "सिस्टिममध्ये बग आहे हे मला कळतंय. पण काढला तर मी उपाशी मरेन."

अशी बारा वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात साडू मातोश्रींना खरोखरच काशीला घेऊन गेले. आठ दिवसांनी मेव्हणीचा मला फोन. "भाऊजी, आधी घरी या. आईंनी दूध सोडलं."

याचा अर्थ काय, हे त्या घरात एकदा चहा घेतलेल्या माणसालाच कळेल. मातोश्रींचा चहा म्हणजे निम्म्याहून जास्त दूध, ठेचलेलं आलं, गवती चहाची दोन पाती आणि सायीचा तवंग. दिवसातून चार कप. नवरा लवकर गेला, शाळेत नोकरी करून मुलगा वाढवला, या सगळ्यात स्वतःसाठी त्यांनी काही केलं असेल तर हा चहा. मी गेलो तेव्हा त्या कोरा चहा पीत बसल्या होत्या, काढा पितात तसं तोंड करून. आणि समोर साडू, बारा वर्षं दुधाविरुद्ध बोललेला हा माणूस, हात जोडून विनवत होता, "आई, दुधात कॅल्शियम असतं! तुझी हाडं बघ!"

"तूच सांगायचास ना, ते वासराचं असतं? पटलं मला."

"तुझ्यापुरतं नको पटवून घेऊस!"

मातोश्रींनी कप खाली ठेवला. "हे बघ, तुझ्यासाठी मी बारा वर्षं काशीचं नाव घेऊन खोटं बोलले. आता प्रत्यक्ष तिथं जाऊन उभी राहिले, तेव्हा ते खरं करून यायला नको का? या घरातल्या कुणीतरी काशीला दूध सोडलं, एवढं तरी खरं झालं. आता माझ्या तोंडून ते निघालं तर पाप नाही."

काशीला सोडलेलं परत घेता येत नाही, त्यामुळे उरलेला मार्ग एकच होता. साडूंनी मिक्सर काढला. स्वतःसाठी ते कोऱ्या चहावर बारा वर्षं सुखात होते, पण आईसाठी दुधाचा शोध सुरू झाला. सोयाबीनचं झालं. मातोश्री म्हणाल्या, "ओल्या पोत्याचा वास येतो." बदामाचं झालं. "लग्नातलं मसाला दूध चहात कुणी सांडलं?" नारळाचं झालं. "सोलकढी गरम करायची नसते." दाण्याचं दूध आलं घातल्यावर फाटलं, आणि ते फाटलेलं पातेलं घेऊन हा मोठा माणूस ओट्यापाशी इतका हिरमुसून उभा होता की मला हसावं की रडावं कळेना. वहीत प्रत्येक प्रयोगाची नोंद, पुढे "नापास". एकतिसाव्या प्रयोगाला काजू आणि ओट एकत्र आले. मातोश्रींनी एक घोट घेतला, दुसरा घेतला. "चहा आहे म्हणायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. पुण्यात याहून मोठी दाद नसते. पुढे चार वर्षं, रोज दुपारी चारला, तो चहा साडूंनी स्वतः करून त्यांना दिला. ऑफिसात असले तर सकाळीच दूध दळून ठेवून जात.

दोन वर्षांपूर्वी मातोश्री गेल्या. त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मी गेलो, तर साडू स्वयंपाकघरात दुधाची पिशवी हातात धरून उभे होते. खऱ्या दुधाची. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "तिचं उद्यापन राहिलंय. आज तिच्या पानाशी तिचा चहा ठेवायचाय." त्यांनी आलं ठेचलं, गवती चहा टाकला, दूध ओतलं. सोळासतरा वर्षांत दुधाला हात न लावलेला माणूस. पातेलं गॅसवर ठेवून ते बाहेर पाहुण्यांशी बोलायला गेले, आणि आले तोवर दूध उतू जाऊन खाली लागलं होतं. त्यांनी थोडा चहा वेगळ्या कपात ओतून माझ्यापुढे धरला. "मला चव घेता येत नाही. तुम्ही सांगा, तिचा असायचा तसा झालाय का?"

मी घोट घेतला. करपट वास नाकात गेला. मी म्हणालो, "अगदी तसाच."

त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. "वास मला पण येतो हो. खोटं बोललात."

"हो."

"आईसारखं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. या वेळी मिरची वगैरे कशातच नव्हती. त्यांनी तो चहा ओतून दिला, पातेलं घासलं, उरलेलं दूध त्यात घातलं आणि पुन्हा गॅसवर ठेवलं. बाहेर गुरुजी हाका मारत होते, पाहुणे खोळंबले होते. पण चहा होईपर्यंत साडू त्या पातेल्यापासून हलले नाहीत.