शोकाकुल, निमुग्धा परिवार

मंजुळाबाईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि दार वाजलं. बेल असताना दार काय बडवतात, असं पुटपुटत त्यांनी कडी काढली. खालच्या मजल्यावरची शीला होती. डोळे लाल, हातात फडक्याने झाकलेलं पातेलं.

"अगंबाई, तू!" शीला दोन पावलं मागेच सरकली.

"मग कोण असणार? घर माझंच आहे ना?"

पातेल्यात पिठलं-भात होता. कोणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी नेतात तो. शीलाने रडतहसत मोबाइल पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी पुढे पाठवलेला मंजुळाबाईंचा फोटो, त्याला हार, शेजारी समई. 'भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल : निमुग्धा परिवार.' खाली कोपऱ्यात खदखदून हसणारे बारीक पिवळे चेहरे, शीलाच्या नजरेतून सुटलेले.

हा परिवार म्हणजे एका मालिकेच्या चाहत्या. नायक निषाद, नायिका मुग्धा, म्हणून निमुग्धा. मुलगा पुण्याला, नवरा शिफ्टला. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत मंजुळाबाईंना या बायकांची सोबत वाटायची. गेल्या महिन्यात कल्याणला, चाहत्यांचा ग्रुप चालवणाऱ्या क्षिप्राकडे निषाद-मुग्धाचं केळवण झालं. हो, मालिकेतल्या जोडीचं! पाटांवर दोघांचे फोटो, भोवती रांगोळी. पुरणपोळ्या मंजुळाबाईंच्या. वाढता वाढता त्या बोलून गेल्या, "मला बाई ती नर्स ओवीच त्याला शोभते. त्याच्या आईचं सगळं तिनेच केलं."

पोळ्या सगळ्यांनी चापल्या. त्याच संध्याकाळी त्यांना ग्रुपमधून काढलं. मग अनोळखी नंबरांवरून शिव्या. त्यांनी ते नंबर ब्लॉक केले होते.

फोटो केळवणातलाच. खांद्यावर क्षिप्राचा हात होता. तिला कापलं, पण अंगठीसकट बोटं राहून गेली. हाराखालून डोकावणारी ती बोटं मंजुळाबाईंनी ओळखली. याच बोटांनी पोळीवर तूप मागून घेतलं होतं.

त्यांनी माहेरी, कल्याणजवळच्या मोहने गावात, भावजयीला फोन लावला.

"आई पूजेत आहेत, ताई. मोबाइल लपवलाय मी. पण आळीभर फिरलंय ते. कोणी दारात येऊन रडायला लागलं तर? आत्ता दिवाळीत झटका येऊन गेलाय त्यांना."

मग क्षिप्राला.

"अहो ताई, मीम होतं ते! किती मनाला लावून घेता? आणि ओवी-ओवी कोणी सुरू केलं?"

"लाव तुझ्या निषादचं लग्न कोणाशीही. ग्रुपमध्ये घेऊ नकोस, माफीही नको मला." मंजुळाबाई पायात चपला सरकवत होत्या. "मी निघालेय, पण डोंबिवलीहून वेळ लागेल. तू कल्याणातच आहेस. पत्ता पाठवते. रिक्षा कर आणि माझ्या आईच्या दारात जाऊन उभी राहा. कोणी पिठलं घेऊन आलं, तर बाहेरच सांग, मंजुळा जिवंत आहे."