चंपाक्काची लांबलेली क्षमा

बोरगावात चंपाक्काच्या घरी मी भाड्यानं राहायला गेले तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला. "बाई, सातची मालिका बघता न्हवं?" मी उचगावची, हायस्कुलातली मास्तरीण. असल्या गोष्टींना मला वेळ नाही, असं ठणकावून सांगितलं. "मग शिका," ती म्हणाली आणि किल्ली हातात ठेवली.

जैनाचं घर. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, भांडी पालथी पडायची, आणि सातला चंपाक्का टीव्हीसमोर बसायची. मालिका बघायची म्हणजे त्यातल्या माणसांना झापायचं. मुकाट्यानं ऐकून घेणाऱ्या सुनेला, "तोंडात गुळणी धरलीस काय गं?" सासूला काय म्हणायची ते मास्तरणीनं लिहू नये.

एका भागात ती सून समुपदेशक बाईंकडं गेली. बापानं लहानपणी केलेला अन्याय तिला सलत होता. बाईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. "इथं तुझे वडील बसलेत असं समज आणि काय दुखलं ते बोल." सून हमसून हमसून रडली. मीही डोळे पुसले. चंपाक्का भडकली.

"खुर्चीनं काय घोडं मारलंय हिचं? बाप जिता हाय न्हवं? त्याच्या घरी जाऊन सांग की!"

मग जाहिराती लागल्या आणि तिनं एकाएकी टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं, हिचा रक्तदाब वाढला.

"बाई, अण्णाला मी दर वर्षी क्षमा करतो. कशाबद्दल, ते त्याला ठाव हाय काय वो?"

अण्णा म्हणजे तिचे थोरले भाऊ, तंबाखूचे व्यापारी, तीन गल्ल्या पलीकडं राहायचे. पर्युषण संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी जैन माणसं घरोघर जाऊन झालंगेलं माफ करा म्हणतात. ही भावंडं वर्षातून तेवढी एकदा भेटायची. "उत्तम क्षमा", "उत्तम क्षमा", अर्धा कप चहा, संपलं. चाळीसेक वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

गोष्ट अशी होती. चंपाक्का दहावीला शाळेत पहिली आली होती. मास्तरीण व्हायच्या कोर्सला बेळगावात जागा मिळाल्याचं पत्र आलं, ते अण्णांनी सदऱ्याच्या खिशात दडवलं. सदरा धुताना ते तिच्याच हाताला लागलं, तोवर मुदत टळून गेली होती. ती कुणाला काही बोलली नाही. सदरा पिळून वाळत घातला. ऐकताना माझ्याच अंगाची लाहीलाही झाली.

त्या वर्षी क्षमावाणीला ती मला सोबत घेऊन अण्णांकडं गेली. अण्णा "उत्तम क्षमा" म्हणून चहा सांगायला वळले.

"थांब. आधी कशाची ते ऐक." आणि तिनं सगळं सांगितलं, बाजाराची यादी वाचावी तशा आवाजात.

अण्णा परत येऊन बसले. "व्हय, दडवलं. आई अंथरुणाला खिळलेली. तू गेली असतीस तर तिचं कुणी केलं असतं?"

"तू."

आतून आलेला चहा निवून गेला. शेवटी अण्णांनी हात जोडले. "चुकलं गं माझं. कर क्षमा."

"बघतो," म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज सातला येऊ लागले. सूर्य मावळलेला, म्हणजे खायला काही मिळणार नाही हे ठाऊक असून यायचे. दोघं मिळून सुनेला झापायची. उठताना ते विचारायचे, "झाली काय गं?" "न्हाय अजून."

एकदा मला राहवेना. "आक्का, म्हाताऱ्या माणसाला किती ताटकळत ठेवायचं?"

"क्षमा कवाच झाली वो बाई. पर तसं सांगितलं तर उद्यापास्नं यायचा न्हाय त्यो."

माघात चंपाक्का गेली. तापाचं निमित्त झालं, दोन दिवसांत सगळं आटोपलं. मी ढसाढसा रडले. अण्णा रडले नाहीत. आठवड्यानं, सातला, ते आले आणि आपल्या जागेवर बसले. टीव्ही बंद होता.

"बाई, जाताना काय बोलली काय ती? माझं... झालं काय?"

मी खरं ते सांगितलं. क्षमा कधीच झाली होती हे सांगितलं, आणि ती तसं का बोलली नाही तेही.

अण्णा तिच्या रिकाम्या जागेकडं वळले.

"येडी," ते म्हणाले. "मी आलोच असतो की गं."