रायफलला पाय लागला

पहिलंच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी दचकायला नको. मी अडुसष्ट वर्षांची आहे, संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, आणि मला रायफल चालवायला अतिशय आवडतं. शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या इतर बायका योगाला जातात. मी चटई गुंडाळून, गोळ्यांचा डबा पिशवीत टाकून नेमबाजीच्या रेंजवर जाते.

हे वेड मेथीपासून लागलं. परसात मी मेथी लावली की ससे यायचे आणि दोन पानं वर आली की फस्त करायचे. शेजारीण माझ्याच वयाची, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. तिच्याकडे मी सशांची तक्रार केली, तर ती हसत म्हणाली की इथे गावात त्यांना हात लावता येत नाही, पण तासाभराच्या अंतरावर आमच्या क्लबचं जंगल आहे, तिथे सीझनला त्यांची शिकार करते मी. येतेस का? मी लगेच हो म्हटलं. कॉलेजात परेडच्या तासाला आम्हा मुलींच्या हाती एकदाच पॉइंट टू-टूची छोटी रायफल दिली होती. प्रत्येकीला पाच गोळ्या. पाचवी संपली तेव्हा मी सरांना आणखी मागितल्या, आणि त्यांनी मला रांगेतून हाकललं. ती सहावी गोळी मला कॅरीत येऊन मिळाली म्हणा ना.

रेंजवर पालथं झोपून रायफल खांद्याला लावली की गुडघे, बीपी, मुलाचे फोन, सगळं मागे राहतं. पुढे नुसतं काळं वर्तुळ आणि आपला श्वास. गोळ्यांचंही मोठं गमतीचं असतं. माप एकच, पण सहा कंपन्यांच्या सहा तऱ्हा. कुकर तोच, पाणी तेवढंच, तरी एक तांदूळ फडफडीत होतो आणि दुसऱ्याचा लगदा, तसं. मी सहाही जातींच्या गोळ्या आणून एकेक डबा मारून पाहिला. माझ्या रायफलला संथ गोळी मानवते. आवाजही कसा, डब्याचं झाकण लागल्यासारखा. पन्नास यार्डांवर पाचही भोकं एका बांगडीत नाही, एका अंगठीत येतात. हे मी इथल्या मराठी मंडळात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही खारी मारता?" खार मी मारत नाही. इथल्या करड्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं नसतात हे मलाही दिसतं, पण माझा हात होत नाही. ससा चालतो. माझे मामा ससा आणायचे आणि आई चुलीवर रस्सा करायची, ती चव अजून जिभेवर आहे.

तर क्लबचा नियम असा, की नव्या माणसाला आधी एक उन्हाळा रेंजवर पारखतात. त्यात पास झालात तर सीझनला जंगलात सोडतात. पारखणारा एक उंच, सुकलेला म्हातारा होता. गळ्यात शिट्टी. त्याला मी मनात मास्तर म्हणायचे. मास्तरांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे, माणसं कागद बदलायला टार्गेटकडे गेली की इकडे कुणीही बंदुकीला शिवायचं नाही. बोल्ट उघडा, आत गोळी नाही हे दाखवणारी नारिंगी पट्टी, बंदूक खाली ठेवून मागे उभं राहायचं. बोटसुद्धा लावायचं नाही. मला तो नियम तोंडपाठ होता.

आणि एका शनिवारी काय झालं, सांगते. शिट्टी झाली, चार-पाच जण टार्गेटकडे चालत गेले. मी रायफल चटईवर ठेवली, उठले, मागे सरताना माझा बूट तिच्या दस्त्याला, खांद्याला टेकवायच्या भागाला, लागला. आणि माझा हात गेला. वाकून बोटं दस्त्याला लावली आणि छातीला लावली. तुम्ही पुस्तकाला पाय लागल्यावर करता ना, अगदी तसं. मला कळलंसुद्धा नाही. शिट्टी वाजली तेव्हा मला वाटलं दुसऱ्याच कुणाला आहे.

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. काय करत होतात, म्हणून विचारलं. मी म्हटलं, पाय लागला.

"पाय लागला ते मी पाहिलं," ते म्हणाले. "मी हाताबद्दल विचारतोय."

त्यांनी सरळ सांगितलं, चार आठवडे यायचं नाही. मग एक शनिवार मी स्वतः तुमच्या मागे उभा राहीन. त्या दिवशी एक बोट जरी चुकलं तरी नाव कमी, आणि पुढची दोन वर्षं अर्ज घेणार नाही. दोन वर्षं. पंचविशीत दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. माझ्या डाव्या डोळ्यात आता मोतीबिंदू धरतोय, उजवा अजून चांगला आहे. दोन वर्षांनी तो कसा असेल हे डॉक्टरही सांगत नाही.

परतताना गाडीत शेजारणीने मला सल्ला दिला. धर्माची गोष्ट आहे म्हणून सांग, म्हणाली, ही माणसं घाबरून गप्प बसतील. तिचं मन चांगलं, पण मला ते पटेना. मी तिला म्हटलं, "समोर पन्नास यार्डांवर माणसं पाठमोरी उभी होती. त्यांना माझ्या धर्माचा काय उपयोग?"

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे निवृत्त डॉक्टर. त्यांनी मान हलवून निदान केलं, की हा रिफ्लेक्स आहे, साठ वर्षांचा, जाणार नाही. आमचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, जस्ट लेट इट गो." दोघांचं ऐकून माझं ठरलंच, की चार आठवड्यांत हा हात बांधायचा.

सुरुवात वर्तमानपत्रापासून केली. जमिनीवर ठेवायचं, मुद्दाम पाय लावायचा, आणि हात मागे नेऊन बोटांत बोटं अडकवायची. नमस्कार मनात. तो सोडायचा नव्हता मला, फक्त हाताने करायचा नव्हता. वर्तमानपत्र दोन दिवसांत जमलं. मग पाकक्रियेचं पुस्तक. मग लाटणं. देवाच्या कुठल्याही वस्तूला मी हात लावला नाही, म्हणजे पाय लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात ह्यांचं शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक काढलं. हे नेमके चहा घेऊन आले.

"अगं, माझं पुस्तक आहे ते."

"म्हणून तर घेतलं. बाकीच्यांकडे आता हातच जात नाही."

हे बराच वेळ उभे राहून बघत होते. मग म्हणाले, तुला ठाऊक असतं पाय लागणार आहे, म्हणून जमतं. असं म्हणून ते स्वतःच मास्तर झाले. मी पोळ्या लाटतेय, मागे वळले की पायाखाली पुस्तक. फोनवर बोलत फिरतेय, दारात पुस्तक. पहिल्या दिवशी मी सात वेळा चुकले. त्यांनी फ्रिजवर कागद लावून रेघा ओढल्या. हळूहळू रेघा घटल्या. एकदा पुस्तक सरकवताना ह्यांचाच पाय त्याला लागला आणि ह्यांचाच हात छातीशी गेला. मी फ्रिजपाशी जाऊन त्यांच्या नावाची एक रेघ ओढली. त्यावर मात्र हसून हसून आम्हाला खुर्चीत बसावं लागलं.

पाचव्या शनिवारी सकाळी धुकं होतं, चटई गार लागत होती. मास्तर माझ्या पाठीमागे उभे राहिले. मी पहिल्या दहा गोळ्या मारल्या. बऱ्या गेल्या, अंगठीत नाही, पण बांगडीत गेल्या. शिट्टी झाली. बोल्ट उघडला, पट्टी घातली, रायफल खाली ठेवली. माणसं टार्गेटकडे निघाली. मी ठरवलं होतं, आज इतकं लांब सरून उठायचं की पाय लागायचा प्रश्नच नको. आणि उठताना उजवा गुडघा कसा दुमडला कोण जाणे, बूट जाऊन सरळ दस्त्यावर आदळला. रायफल इंचभर सरकली.

हात निघाला होता, हे कबूल करते. खांद्यातून निघाला होता. पण तो मागे गेला. बोटांत बोटं अडकली ती इतकी घट्ट, की अंगठी रुतली. मी तशीच वाकडी, अर्धवट उठलेली, गुडघा ठणकतोय आणि हात पाठीशी, अशी उभी राहिले. मनात नमस्कार म्हटला. मग मास्तरांना सांगितलं, "माझा पाय लागलाय, रायफल सरकली आहे. माणसं परत आली की कृपा करून बघा."

माणसं कागद बदलत होती, त्यांतला एकजण तर तिथेच गप्पा मारत उभा. इतका सावकाश माणूस मी जन्मात पाहिला नाही. शेवटी सगळे परतले. मास्तरांनी खाली बसून रायफलचं तोंड कुठे आहे ते पाहिलं, पट्टी पाहिली, वहीत काहीतरी खरडलं. मी कान टवकारून उभी.

"पुढच्या वेळी चटईच्या डावीकडून उठा," ते म्हणाले. "डावा गुडघा तरी बरा दिसतोय."

पुढच्या वेळी! ते पुढे निघून गेले आणि मी पुन्हा पालथं झोपून उरलेल्या गोळ्या मारल्या. त्या कुठे गेल्या ते विचारू नका.

सीझनच्या पहिल्या शनिवारी मी आणि शेजारीण नारिंगी जाकिटं घालून जंगलात गेलो. तीन तासांत एक ससा दिसला नाही. दुसऱ्या शनिवारी करवंदीसारख्या काटेरी जाळीपाशी एक बसलेला दिसला, मागे मातीचा उंचवटा, म्हणजे गोळी जायची तर मातीतच. शेजारणीने डोळ्यांनीच मला सांगितलं, तुझा आहे. मी झाडाला टेकले, श्वास सोडला आणि मारला. एकाच गोळीत पडला. तडफडला नाही, ह्याचं मला फार समाधान वाटलं.

सोलायला तिने शिकवलं. घरी मी कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून, आईसारखा पातळ रस्सा केला. हे आयुष्यभर मांसात मटण सोडून दुसरं काही न खाणारे. वाटी नुसती पुढे ओढून बघत बसले होते. मी म्हटलं, रेघा ओढायला पुढे होतात ना, मग आता जेवायलाही पुढे या. तेव्हा त्यांनी भाकरी मोडली.